वैशंपायनांचे बिऱ्हाड

जागेचा प्रश्न फक्त माणसांनाच पडतो, असे ज्यांना वाटते त्यांनी पोपट पाळलेला नसावा. माणसाचे एक बरे असते. तो जिन्याखाली राहतो, गॅलरीला पत्रे ठोकून राहतो, चार फुटी पॅसेजमध्ये पथारी टाकून परीक्षेत पहिला वर्ग मिळवतो आणि वर "आमची जागा स्टेशनपासून अगदी पाच मिनिटांवर आहे हो!" असे अभिमानाने सांगतो. पोपटाला स्वतःची अशी समजूत घालता येत नाही. जागा मानवली नाही की तो ओरडतो, खाणे टाकतो आणि कधीकधी आपल्याच अंगावरची पिसे उपटू लागतो. मुंबईच्या उपनगरांतली माणसे असे काही करू लागली, तर सकाळच्या लोकलमध्ये कोणाच्या डोक्यावर केस म्हणून दिसणार नाहीत.

ही विद्या मला गेल्या वर्षी प्राप्त झाली. माझी आत्या वाईला एकटीच राहत असे. एकतीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवून ती २००५ साली निवृत्त झाली. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, उच्चार त्याहून ताठ. गेल्या श्रावणात ती न्हाणीघरात घसरून पडली. हाड मोडले नाही, पण डॉक्टरांनी बजावले की यापुढे एकटीने राहायचे नाही. मी आणि सौ. वाईला गेलो आणि तिला डोंबिवलीला चलण्याची गळ घातली. दोन दिवस ती ऐकेना. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "येते. माझं कुठंही भागेल रे. वैशंपायनाची काय सोय करणार ते सांग."

वैशंपायन म्हणजे तिचा पोपट. बाणभट्टाच्या 'कादंबरी'त राजाला कथा सांगणारा जो पोपट आहे, त्याचे हे नाव. संस्कृतच्या शिक्षिकेकडचा पोपट 'मिठू' नावाने राहणे शक्यच नव्हते. २०१७ साली तिचा एक जुना विद्यार्थी परदेशी जाताना आपला पक्षी तिच्या स्वाधीन करून गेला, तेव्हाच हे बारसे झाले. या नावामुळे आमच्या सोसायटीत पुढे बराच घोटाळा झाला. "तुमच्याकडे कोणी वैशंपायन राहायला आलेत म्हणे? पोटभाडेकरू ठेवलात, तर कमिटीला कळवायला हवं," असे चिटणिसांनी मला जिन्यात गाठून सुनावले. मी त्यांना चहाला बोलावले आणि वैशंपायनांची भेट घालून दिली. वैशंपायनांनी त्यांच्या टकलावर बसून शीळ घातली. प्रश्न तिथेच मिटला.

खरे सांगायचे तर वैशंपायन हे काही आपल्याकडचे हिरवे राघू नव्हेत. ते आहेत कॉकेटील. आत्या त्यांना थट्टेने 'काकतालीय' म्हणते. मूळ गाव ऑस्ट्रेलिया. अंगाने करडे, गालांवर नारिंगी ठिपके, डोक्यावर तुरा. शेपटीसकट लांबी जेमतेम फूटभर आणि वजन शंभर ग्रॅमच्या आत. काकाकुव्याच्या कुळातले हे शेंडेफळ. शेजारच्या छोट्याने मात्र पहिल्याच दिवशी नाक मुरडले. "हा कसला पोपट? मला हिरवा हवा." तेव्हा आत्याने त्याला जवळ बसवून सांगितले, की १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांमुळे आपला देशी पोपट पकडणे, विकणे किंवा घरात बाळगणे हा गुन्हा आहे. हिरवे राघू झाडावर पाहायचे, पिंजऱ्यात नाही. "पण हा ऑस्ट्रेलियाचा उंदरासारखा पोपट चालतो?" छोट्याने विचारले. "चालतो," आत्या म्हणाली, "कारण हा पिढ्यान् पिढ्या माणसांच्या घरातच जन्मलेला. त्याला रान ठाऊकच नाही. सोडून दिला तर चार दिवस जगायचा नाही. म्हणून तर याला घर नीट द्यायला हवं."

वाईहून आत्या आली ती तीन नगांसह. एक ट्रंक, एक प्रवासी पिंजरा आणि एक पितळी पिंजरा. खंबाटकीच्या घाटात तिने प्रवासी पिंजरा मांडीवर घेतला होता आणि त्यावर आपले जुने लुगडे पांघरले होते. पितळी पिंजरा माझ्या पणजोबांच्या वेळचा. गोल, घुमटाकार, वर कळस, कळसाला कडी. आमच्या वाड्याच्या सोप्यात तो टांगलेला असे. मी तो घासूनपुसून लखलखीत केला आणि म्हटले, "आत्या, वैशंपायनांना हाच शोभेल. राजवाडाच आहे नुसता!"

आत्या त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "माझ्या लहानपणी राघू होता यात. तेव्हा घरोघर असत. येणारा-जाणारा म्हणायचा, 'काय सुरेख पिंजरा आहे!' राघूला कोणी विचारलं नाही. बाहेरून छानच दिसतो रे तो. पण गोल पिंजऱ्याला कोपरा नसतो. पाखराला पाठ टेकायला एक कोपरा लागतो. पाखराला काय आणि..."

एवढे बोलून ती थांबली आणि चष्मा पुसू लागली. १९६९ साली, ऐन बाविशीत वैधव्य घेऊन आत्या त्याच वाड्यात परत आली होती. त्या वाड्याला खोल्या अकरा होत्या. त्यांतली आत्याची कोणती, हे मला लहानपणापासून आजतागायत सांगता आलेले नाही. कधी ती माजघरात निजे, कधी बाळंतिणीच्या सोबतीला, कधी आजीच्या पायथ्याशी. तिची ट्रंक तेवढी तिच्याबरोबर फिरत असे.

पितळी पिंजरा माळ्यावर गेला आणि आमचे पिंजरा-संशोधन सुरू झाले. या निमित्ताने पक्ष्यांच्या एका डॉक्टरीणबाईंची गाठ घेतली. त्यांनी जे सांगितले ते सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहितो. पोपटाचा पिंजरा उंचीपेक्षा लांबीने मोठा हवा. पाखरू उडते ते आडवे, वर-खाली उडते ते हेलिकॉप्टर. कॉकेटीलसाठी निदान २४ इंच लांब, १८ इंच रुंद आणि २४ इंच उंच एवढी जागा हवी. त्याहून मोठी मिळाली तर उत्तमच. दोन गजांमधले अंतर अर्ध्या इंचाच्या आसपास. जास्त असले तर पाखरू डोके घालते आणि अडकते. गोल पिंजऱ्यात गज वर निमुळते होत एकत्र येतात, तिथेही नख किंवा बोट अडकण्याची भीती. काही गज आडवे हवेत, म्हणजे चढउतर करता येते. जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त जाळी नको. पोपट दिवसभर गज चावतो आणि जस्त किंवा शिसे पोटात गेले की त्याला विष होते. पितळेतही जस्त असतेच. सर्वांत चांगले स्टेनलेस स्टील.

हे सारे पाठ करून मी पहिल्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक गुलाबी, घुमटाचा, झोपाळा आणि आरसा लावलेला पिंजरा पुढे केला. मी खिशातून टेप काढून गजांतले अंतर मोजू लागलो, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, पोपटासाठी घेताय की पोरीचं लग्न ठरवताय?" चौथ्या दुकानात मनासारखा पिंजरा मिळाला. ३२ इंच लांब, चौकोनी, दिसायला अगदी सरकारी कचेरीसारखा. आत एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्या होत्या, त्या आत्याने काढून टाकल्या. रोज त्याच जाडीवर बसून पाखराच्या तळपायांना घट्टे पडतात, पुढे जखमा होतात. त्याऐवजी तिने सोसायटीच्या आवारातल्या पेरूच्या, फवारणी न झालेल्या फांद्या माझ्याकडून तोडवल्या. काही बोटाएवढ्या, काही अंगठ्याएवढ्या. त्या धुऊन, वाळवून तिरप्या-आडव्या बसवल्या आणि पाण्याच्या वाटीवर एकही फांदी येणार नाही हे दोनदा तपासून पाहिले. तळाशी वर्तमानपत्र अंथरले. तेव्हापासून अग्रलेखावर आपले मत रोज न चुकता नोंदवणारा आमच्या घरात एकजण तरी आहे.

घर मिळाले. आता ते ठेवायचे कुठे?

आमचा ब्लॉक म्हणजे हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी. एक खोली आम्हा उभयतांची. दुसरी बारावीतल्या कन्येची, आणि बारावीची खोली म्हणजे सोवळ्यातली खोली. आत्याने आल्याआल्या जाहीर करून टाकले होते, "मी हॉलमधल्या दिवाणावर निजेन. मला तिथंच बरं वाटतं." आम्ही आमची खोली देऊ केली, एकदा नव्हे, चारदा. "कोणाची जागा अडवून राहायची मला सवय नाही," असे म्हणून तिने विषय संपवला. ट्रंक दिवाणाखाली सरकवली. रोज सकाळी ती ट्रंक ओढायची, एक लुगडे काढायची, पुन्हा कुलूप लावायची. रिकामे केलेले कपाट रिकामेच राहिले. वाईच्या शेजारणीला फोनवर ती सांगत होती, ते सौ.ने ऐकले. "तुळशीला पाणी घालत जा हो. तुळशीच्या लग्नापर्यंत येतेच आहे मी."

डॉक्टरांनी काय बजावले होते ते आम्हाला पाठ होते. वाईच्या त्या न्हाणीघराची फरशीही आम्ही पाहिली होती. पण एकतीस वर्षे वर्गावर हुकमत गाजवलेल्या बाईला अडवणार कोण?

तर वैशंपायनांच्या जागेबद्दल बैठक भरली. सौ. म्हणाली, "स्वयंपाकघरात ठेवू. माझ्याशी गप्पा मारील." डॉक्टरीणबाईंनी ते पहिल्याच फटक्याला बाद केले होते. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या लेपातून जो धूर निघतो, त्याने पाखरू काही मिनिटांत मरते. माणसाला ते कळतसुद्धा नाही. पक्ष्याच्या अंगात फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात आणि श्वासातले भलेबुरे सारेच तो आपल्यापेक्षा वेगाने ओढून घेतो. इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत विषारी वायूची खूण कळावी म्हणून १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी नेत असत, ते याचसाठी. फोडणीचा खाट, डासांची कॉइल, उदबत्ती, अत्तराचे फवारे हे सारे त्याला वर्ज्य. हे ऐकल्यावर सौ.ने दोन गोष्टी केल्या. बिडाचा तवा माळ्यावरून उतरवला आणि देवापुढली उदबत्ती गॅलरीत नेली. "देवाला लांबूनही वास येतो," ती म्हणाली.

"मग गॅलरीतच ठेवू या पिंजरा," मी म्हटले. पण गॅलरी पश्चिमेची. दुपारचे ऊन थेट आत येते. पाखराला घाम येत नाही, सावलीला सरकायला जागा नसेल तर ते चोच वासून धापा टाकू लागते. शिवाय कठड्यावर कावळे आणि वर घिरट्या घालणारी घार. आपल्याला वाटते, पोपटाला तेवढीच करमणूक! त्याच्या जिवात जीव राहत नाही.

पॅसेजमध्ये येण्याजाण्याची धांदल आणि दारांची आदळआपट. अखेर हॉल उरला. पाठीमागे भिंत, उंची माणसाच्या छातीएवढी, पंख्यापासून लांब. जमिनीवर ठेवले तर पाखरू धास्तावते आणि छताला टांगले तर एकटे पडते. सारे नियमाप्रमाणे झाले. पिंजरा बरोबर आत्याच्या दिवाणाशेजारी आला. दोघेही खूश दिसले. दिवसा तरी.

रात्रीची गोष्ट निराळी होती. आमच्या हॉलमध्ये साडेअकरापर्यंत टीव्ही, त्यानंतर कन्येचे पाणी पिण्यासाठी दिवे लावणे, पहाटे पाचला दूधवाला. तिसऱ्या रात्री एकच्या सुमारास रस्त्यावरून वळलेल्या ट्रकचा झोत भिंतीवरून सरकला आणि पिंजऱ्यात हलकल्लोळ झाला. वैशंपायन अंधारात गजांवर आपटत होते. दिवा लावून पाहतो तो पंखाचे एक कोवळे पीस तुटून रक्त येत होते. आत्या पिंजऱ्याला हात लावून हळू आवाजात विष्णुसहस्रनाम म्हणत होती. पाखरू हळूहळू शांत झाले. माझे लक्ष मात्र आत्याच्या हाताकडे गेले. तो थरथरत होता. "गेले तीन दिवस झोप नाही रे त्याला," ती म्हणाली. डोळे तिचेही लाल होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली, औषध दिले आणि बजावले. कॉकेटील ही जातच अंधारात दचकणारी. तिला रात्री सलग दहा ते बारा तास शांत झोप हवी. खोली वेगळी असावी, एक मिणमिणता दिवा असावा, म्हणजे जाग आली तरी आपण कुठे आहोत ते कळते. कोपरा हवा, दोन्ही बाजूंनी भिंत असलेला. सकाळचे कोवळे ऊन मिळाले तर फारच चांगले. आणि ओळखीचे माणूस जवळपास हवे, कारण हा थव्यातला पक्षी आहे. एकटा पडला की झुरतो. सौ.ने हे सारे एका कागदावर लिहून घेतले.

घरी आल्यावर ती तो कागद हातात धरून बराच वेळ बसली. मग मला आत बोलावून म्हणाली, "अहो, हे वाचा. वरचं 'कॉकेटील' हे नाव झाकून वाचा."

मी झाकून वाचले.

संध्याकाळी सौ.ने आत्यापुढे फिर्याद मांडली. "आत्या, मोठी पंचाईत झालीये. डॉक्टरीणबाई म्हणतात, वैशंपायनांना वेगळी शांत खोली हवी. पूर्वेकडची खिडकी आणि कोपरा आमच्याच खोलीत आहे. पण ते पहाटे साडेपाचला शीळ घालतात आणि यांना तर सातपर्यंत कोणी हलवलेलं चालत नाही. एकट्याला ठेवावं, तर ते झुरणार. तेव्हा त्यांच्या सोबतीला तुम्हीच तिथं निजलात तर..."

आत्याने चष्म्यावरून सौ.कडे पाहिले. ज्या नजरेने तिने शेकडो मुलांची कॉपी पकडली होती, तीच ही नजर. सौ.ने तिच्याकडे परत पाहिले. मी पंख्याचा वेग कमी करण्याच्या कामात स्वतःला गुंतवून घेतले.

"वैशंपायनासाठी ना?" आत्याने विचारले.

"तर हो!"

"मग इलाज नाही," आत्या म्हणाली. "पाखराचा प्रश्न आहे."

त्याच रात्री बिऱ्हाडाची अदलाबदल झाली. पूर्वेच्या कोपऱ्यात पिंजरा, त्याला लागून आत्याची कॉट, भिंतीत झिरोचा दिवा. आठला दार लोटायचे आणि घरात कोणी मोठ्याने बोलायचे नाही, असा दंडक झाला. आम्ही उभयता हॉलमध्ये. दिवाणावर सौ. आणि खाली गादीवर मी. पाठीच्या दृष्टीने जमीन उत्तम असते, असे माझ्या पाठीला मी अजून पटवून देत आहे.

दिवाळी आली तेव्हा नवीन काळजी उभी राहिली. फटाक्यांचा आवाज आणि धूर! लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आत्याने खोलीच्या खिडक्या लावल्या, फटींत ओले पंचे कोंबले, पिंजऱ्यावर तीन बाजूंनी जुने लुगडे घातले, दिवा चालू ठेवला आणि पुस्तक घेऊन शेजारी बसली. चिटणिसांनी आपणहून सूचना फलकावर लिहिले, "वैशंपायनांची प्रकृती नाजूक असल्याने फटाके आवाराबाहेर लावावेत." अर्ध्या सोसायटीला आजही वाटते की आमच्याकडे कोणी आजारी गृहस्थ राहतात. गेल्या महिन्यात एका आजींनी त्यांच्यासाठी मऊ भात पाठवला होता. वैशंपायनांनी तो आवडीने खाल्ला.

माळ्यावरचा पितळी पिंजरा कन्येने खाली काढला. त्याचे दार तिने पक्कड घेऊन कायमचे काढून टाकले, आतून केशरी कागद लावला, बल्ब सोडला आणि तो गॅलरीत आकाशकंदील म्हणून टांगला. आत्या खाली उतरून रस्त्यावरून तो पाहून आली. "आता बरोबर आहे," एवढेच म्हणाली.

मंडनमिश्रांचे घर कोणते, तर ज्याच्या दारी पिंजऱ्यातले पोपट शास्त्रार्थ करीत असतात ते, अशी एक जुनी कथा आत्या आम्हाला सांगत असे. आमच्याही घराचा पत्ता हल्ली शिळेवरून सांगता येतो. कॉकेटील नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो म्हणतात. वैशंपायनांनी निम्मी तरी काढली असतील. आत्याने परवाच हिशेब करून सांगितले, "अजून दहाएक वर्षं याच्यासाठी मला इथंच राहावं लागणार बघ."

वाईच्या शेजारणीला तिने तुळस कायमची देऊन टाकली. हे आम्हाला शेजारणीकडूनच कळले. कळले त्या दिवशी सौ. काही निमित्त काढून आत्याच्या खोलीत डोकावून आली. कपाट लुगड्यांनी भरले होते. ट्रंक पिंजऱ्याखाली पालथी घातलेली होती आणि तिच्यावर वैशंपायनांच्या धान्याचे डबे ओळीने मांडले होते.